नववीत सैनिक शाळा: अर्ज, मेडिकल आणि पुढची चार वर्षं

२०२५ च्या एप्रिलमध्ये मुलाची बारावीची परीक्षा संपली आणि सैनिक शाळाही सुटली. नववी ते बारावी तो तिथं होता. तो गेला तेव्हा आमच्या भावकीत, गावात, मी शिकवते त्या शाळेत असं एकही माणूस नव्हतं ज्याला विचारावं की मेडिकलला काय बघतात, ट्रंकेत काय भरायचं, पोरगं फोनवर रडायला लागलं तर काय करायचं. जे कळलं ते वाटेत कळलं. ते क्रमानं लिहून ठेवते आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण त्याचे धाकटे मित्र अजून तिथं शिकतात आणि काही गोष्टी मला मोकळेपणानं सांगायच्या आहेत.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण मला फोन करणारे निम्मे पालक त्यातच अडकलेले असतात. ‘सैनिक स्कूल’ म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीची शाळा. त्यातली देशातली पहिली आपल्या साताऱ्याची, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. महाराष्ट्रात दुसरी चंद्रपूरला २०१९ मध्ये झाली. बेळगावची राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आणि डेहराडूनची आरआयएमसी (राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज) या वेगळ्या, त्यांच्या परीक्षाही वेगळ्या. आणि आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत खासगी संस्थांच्या ‘सैनिकी शाळा’ आहेत, त्यातल्या बहुतेकांचा प्रवेश आणखी वेगळा. अर्ज भरण्याआधी आपण यातल्या कुठल्या दारात उभे आहोत ते नक्की करा. मी लिहिते आहे ते पहिल्या प्रकाराबद्दल.

या शाळांत प्रवेश सहावीला आणि नववीला होतो. सहावीला जागा जास्त, नववीला रिकाम्या झालेल्या तेवढ्याच. वयाची अट त्या वर्षीच्या ३१ मार्चला धरतात: सहावीसाठी १० ते १२, नववीसाठी १३ ते १५. आमच्या मुलाला सैन्याचं वेड सातवीत लागलं, त्यामुळे नववीचंच दार उरलं होतं.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये एनटीएनं, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेनं, ऑनलाइन अर्ज सुरू केले. त्याआधी ही परीक्षा सैनिक स्कूल सोसायटीच घ्यायची. एनटीएचं ते पहिलंच वर्ष. खुल्या गटाला शुल्क ५५० रुपये होतं, नंतर ते वाढत गेलंय. अर्ज भरणं अवघड नाही, अवघड आहे ती कागदांची जमवाजमव. जन्माचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, फोटो, सही, अंगठ्याचा ठसा. अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून निघतं आणि त्याला वेळ लागतो, लॉकडाऊननंतर तर फारच लागला. सेतू केंद्रात अर्ज देऊन गप्प बसू नका, पावतीवरचा क्रमांक घेऊन दर आठवड्याला विचारत राहा. ते प्रमाणपत्र का महत्त्वाचं, तर ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात आणि उरलेल्या ३३ टक्के बाहेरच्या. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेयर केंद्र सरकारच्या नमुन्यातलं काढा. आमच्या ओळखीच्या एका मुलाकडे राज्याच्या नमुन्यातलं होतं आणि ऐनवेळी त्याच्या वडिलांना पुन्हा सगळा फेरा करावा लागला. दाखल्यांवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही बघा. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, सगळं.

नववीची परीक्षा ४०० गुणांची. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी चार गुण, म्हणजे अर्धा पेपर गणितच. बुद्धिमत्ता, इंग्रजी, विज्ञान आणि समाजशास्त्र यांचे प्रत्येकी २५ प्रश्न, दोन-दोन गुणांचे. वेळ तीन तास, उत्तरं ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या छापील कागदावर, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. प्रत्येक विषयात २५ टक्के आणि एकूण ४० टक्के हवेत, पण ते फक्त पात्र ठरण्यापुरते. जागा मिळायची तर त्याच्या पुष्कळ वर जावं लागतं. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते. नववीची फक्त इंग्रजीतून. मुलगा सेमी-इंग्रजीचा, त्यामुळे गणित-विज्ञान जमत होतं. समाजशास्त्र मात्र आयुष्यभर मराठीत शिकलेला. ‘न्यायपालिका’ त्याला येत होती, ‘ज्युडिशियरी’ येत नव्हती. आम्ही एक वही केली, डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी. रात्री जेवणानंतर त्याची धाकटी बहीण विचारायची आणि तो सांगायचा. क्लास लावला नव्हता, सगळे बंदच होते. आठवीपर्यंतची सीबीएसईची पुस्तकं आणून ती दोनदा वाचून काढली. गणितासाठी वेळ लावून पेपर सोडवणं एवढाच उपाय मला खरा वाटतो.

परीक्षा जानेवारीत होती ती पुढं ढकलून ७ फेब्रुवारी २०२१ ला झाली. केंद्र पुण्याचं मिळालं. आम्ही आदल्या दिवशीच जाऊन शाळा बघून आलो, मुक्काम नात्यातल्यांकडे केला. लांबून येणाऱ्यांनी तसंच करावं. सकाळी निघून पोचू असं धरून चालू नये.

निकाल लागला तेव्हा नाव मेडिकलच्या यादीत होतं. तेवढ्यात कोरोनाची दुसरी लाट आली आणि सगळं थांबलं. एप्रिल, मे. गावात रोज कुणाची तरी बातमी यायची, आणि त्यातच मुलगा दिवसातून तीनदा शाळेची वेबसाइट उघडून बघायचा. त्या वेळी मी त्याला एवढंच सांगत होते की अकराला बघ आणि पाचला बघ, मधल्या वेळात बाबांबरोबर बागेत जा. वाट बघण्याची वेळ ठरवून दिली की घर जरा शांत होतं.

मेडिकल लष्करी रुग्णालयात होतं. लेखीत वरचे गुण घेतलेली मुलं तिथं मागं पडतात, म्हणून हे नीट वाचा. नजर आणि रंग ओळखणं, कान, दात, गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का, हर्निया, उंची-वजन, सगळं तपासतात. यातल्या काही गोष्टी आपल्या हातात नसतात, पण काही असतात. कानातला मळ आधीच डॉक्टरांकडून काढून घ्या. किडलेले दात भरून घ्या, मेडिकलच्या दोन दिवस आधी नव्हे, महिनाभर आधी. डोळे चांगल्या डॉक्टरांकडून तपासा आणि रंगांधळेपणाची चाचणी अर्ज भरायच्या आधीच करून घ्या. त्यात दोष निघाला तर मुलाचे वर्षभराचे कष्ट तरी वाचतील. आणि मुलाला आधी सांगून ठेवा की कपडे काढून तपासणी होते. माझ्या मुलाला त्याच्या बाबांनी सांगितलं होतं म्हणून तो बिचकला नाही. रांगेतला त्याच्या पुढचा मुलगा मात्र घाबरून रडायला लागला होता.

मुलगा फिट निघाला, पण गुणवत्ता यादीत नाव नव्हतं, प्रतीक्षा यादीत होतं. प्रतीक्षा यादीवरचे ते आठवडे मला परीक्षेपेक्षा जड गेले. गावातल्या हायस्कूलनं नववीला नाव घालायची घाई लावली होती. आम्ही तिथं नाव घातलं, वह्या-पुस्तकं घेतली, आणि मेल बघत राहिलो. अखेर मेल आला, त्यात पैसे भरायला आणि कागद पोचवायला मोजके दिवस होते. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर पैशांची तजवीज आधी करून ठेवा. तेव्हा धावपळ करून गावच्या सोसायटीचं कर्ज निघत नाही. फी वर्षाला लाखाच्या वर जाते आणि दरवर्षी वाढते. पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे शिष्यवृत्ती असते, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुलाचे बाबा द्राक्षबाग बघतात आणि मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. आम्हाला तो आधार नसता तर हे झेपलं नसतं. प्रवेशाच्या वेळी मुद्रांकावर करारनामा करून द्यावा लागतो. तो सही करण्यापूर्वी बसून वाचा. मुलाला मध्येच काढलं तर शिष्यवृत्ती परत करावी लागण्याचं कलम त्यात असतं.

त्या वर्षी पहिले महिने घरूनच मोबाइलवर वर्ग झाले. नंतर आरटीपीसीआर अहवाल आणि संमतिपत्र घेऊन आम्ही त्याला सोडायला गेलो. काळी लोखंडी ट्रंक, दोन कुलपं, मच्छरदाणी, काळे बूट, पांढरे कॅनव्हास, आणि प्रत्येक कपड्यावर, अगदी मोज्यांवरही, त्याचा क्रमांक. मी तो दोऱ्यानं शिवला होता. मार्करनं लिहिलेला क्रमांक धोब्याकडच्या चार धुण्यांत जातो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नेतृत्व, चारित्र्य हे शब्द माहितीपत्रकात असतात. तिथं नेमकं काय होतं ते मला सुट्ट्यांमध्ये, त्याच्या बोलण्यातून, तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं.

नववीत जाणारा मुलगा तिथं परका असतो. वर्गातली बाकीची मुलं सहावीपासून एकत्र आहेत. त्यांना ड्रिल येतं, हिंदी-इंग्रजी येतं, कोणत्या शिट्टीला कुठं धावायचं ते पायांना माहीत असतं. हा ‘दाहिने मुड’ला डावीकडे वळायचा. आवारात मराठी बोलायचं नाही, त्यामुळे बडबड्या पोरगा सुरुवातीला मुकाच झाला. पहाटेची पीटी, मग नाश्ता, वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळची हजेरी, प्रेप म्हणजे अभ्यासाचा तास, जेवण, दिवे बंद. या सगळ्यात एकटं बसून रडायलाही वेळ नसतो, आणि ते बरंच असतं असं आता वाटतं. घरी फोन ठरलेल्या दिवशी, काही मिनिटं. तेवढ्यात आपण काय बोलायचं हे आधी ठरवा. आम्ही ‘कधी येणार, आठवण येते’ असं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आजचा खेळ, बाजूच्या खाटेवरच्या मित्राचं गाव, बागेतलं पाणी, कुत्री व्याली, असं बोलायचो.

पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट घडली. तो फोनवर सारखं म्हणायचा, “आई, मला वेळच पुरत नाही.” मी शिक्षिका आहे, मुलांच्या बोलण्यामागचं थोडं कळतं. सुट्टीत आल्यावर खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं की बारावीतला एक जण रात्री त्याच्याकडून कपडे धुऊन घेत होता, बूट पॉलिश करून घेत होता, आणि कुणाला सांगशील तर बघ म्हणत होता. मुलाचे बाबा म्हणाले, “उद्याच्या उद्या जाऊन ट्रंक उचलून आणतो.” मुलगा नको म्हणाला. त्याला शाळा सोडायची नव्हती, फक्त हा त्रास थांबायला हवा होता. आम्ही हाउस मास्टरांना, म्हणजे त्याच्या वसतिगृहाच्या (हाउसच्या) प्रमुख शिक्षकांना, भेटलो. “सवय होईल हळूहळू,” असं उत्तर आलं. तेव्हा घरी येऊन मी प्राचार्यांना मेल लिहिला, तारखा घालून, शांत भाषेत. मग मात्र हललं. त्या मुलाचं पद गेलं आणि वसतिगृहात शिक्षकांची रात्रीची फेरी सुरू झाली.

हे लिहिण्याचं कारण, अशा शाळांत कष्ट कोणते आणि छळ कोणता हे पालकाला ओळखता आलं पाहिजे. सगळ्या वर्गाला मैदानावर, उजेडात, शिक्षकांच्या समोर दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या, तर ती शिक्षा आहे, ती सोसू द्या, त्यासाठी फोन करू नका. पण एकट्यालाच, रात्री, आणि ‘सांगू नकोस’ असं बजावून जे होतं ते शिस्तीच्या नावावर खपवून घेऊ नका. तोंडी बोलून थांबू नका, लेखी द्या. ‘आम्हीही हे सोसलं म्हणून घडलो’ असं सांगणारे माजी विद्यार्थी भेटतील. मला ते कधीच पटलं नाही. सोसून मुलं घट्ट होतात, पण ती पुढं जाऊन दुसऱ्यालाही तसंच सोसायला लावतात, हे मी पाहिलं आहे.

दहावीचं वर्ष बोर्डाच्या अभ्यासात गेलं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. त्या दोन वर्षांत एनसीसीचं ‘ए’ प्रमाणपत्र झालं. दहा दिवसांचं कॅम्प त्याला फार आवडलं, कारण तिथं बाहेरच्या शाळांतली मुलं भेटली आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्याला ड्रिल दाखव म्हणालं. अकरावीला फक्त विज्ञान शाखा असते, हे आधीच समजून घ्या. मुलाचा ओढा कला किंवा वाणिज्यकडे असेल तर पुढं अडचण होते. आणखी एक सांगायला हवं: २०२१ पासून या शाळांत सहावीला मुलीही येऊ लागल्या. मुलाच्या तुकडीत शेवटपर्यंत मुलगेच होते, पण धाकट्या वर्गांत मुली आल्यावर मोठ्या मुलांची भाषा सुधारली, असं तो स्वतःच सांगायचा.

अकरावीपासून खरं शिक्षण सुरू होतं. तिथं जबाबदारी पायरीपायरीनं देतात. आधी स्वतःची ट्रंक, खाट, बूट. मग डॉर्मचे दिवे आणि खिडक्या. मग सातवी-आठवीची चार-पाच पोरं. बारावीत पदं मिळतात, ज्याला मुलं ‘अपॉइंटमेंट’ म्हणतात: स्कूल कॅप्टन, हाउस कॅप्टन, प्रीफेक्ट. ही पदं समारंभानं देतात, पालकांना बोलावतात, बिल्ले लावतात. आपल्या मुलाला काय मिळालं यावरून पालकांमध्ये नाराजी होते. मी ती जवळून पाहिली. माझं मत असं झालं की बिल्ल्यापेक्षा त्याच्या आधीचं वर्ष जास्त घडवतं.

मुलाला हाउस कॅप्टनपद मिळालं नाही. त्याच्याकडे हजेरीचं काम आलं. संध्याकाळी सगळं हाउस रांगेत उभं राहिलं, म्हणजे फॉल-इन झालं, की एकूण किती, हजर किती, एमआय रूममध्ये किती, गावी गेलेले किती, हे मोजून शिक्षकांना रिपोर्ट द्यायचा. एमआय रूम म्हणजे शाळेचा दवाखाना. तिथं पडलेल्या पोरांना औषध मिळालं का, जेवण गेलं का, त्यांच्या वह्या कोण लिहितंय, तेही यानंच बघायचं. ऐकायला कारकुनी वाटतं. पण घराची आठवण येऊन पोटात दुखतंय म्हणणारा आणि खरोखर ताप असलेला, हे दोघं त्याला वेगळे ओळखता येऊ लागले. पहिल्याशी काय बोलायचं ते त्याला स्वतःवरून ठाऊक होतं.

एका संध्याकाळी मोजणीत एक कमी आला. हाउसेसमध्ये वर्षभर गुणांची स्पर्धा असते आणि हजेरीतल्या घोळाला गुण कापतात. हाउस कॅप्टन, याचा जिवलग मित्र, हळूच म्हणाला, “पूरा बोल दे, पाँच मिनट में ढूँढ लेंगे.” यानं ‘एक कम’ असाच रिपोर्ट दिला. गुण गेले. पोरगं सापडलं प्रेप रूमच्या मागच्या बाजूला. गुडघा फुटला होता, ओरडा बसेल म्हणून लपून बसलं होतं. हाउसमधले मोठे कित्येक दिवस याच्याशी बोलले नाहीत. दिवाळीत घरी आला तेव्हा हे सांगताना त्याचा आवाज ताठ होता, पण मित्राचं नाव आलं की खाली बघायचा. मी विचारलं, “मग तू त्याच्याशी काय बोललास?” तो म्हणाला, “आई, मी त्याला म्हटलं, तुझा भाऊ असता तर किती मिनिटं थांबला असतास?” पुढं दोघांचं जुळलं, पण लगेच नाही.

मला विचाराल तर चारित्र्य घडतं ते अशाच जागी. एकीकडे मैत्री, हाउसचे गुण, सगळ्यांचा राग, आणि दुसरीकडे एक खरा आकडा. व्याख्यानातून हे शिकवता येत नाही. मुलाच्या हातात खरीखुरी मोजणी द्यावी लागते आणि चुकीचा आकडा सांगितला तर कुणाचं तरी नुकसान होईल अशी खरी शक्यता असावी लागते. वसतिगृहाच्या शाळेत ती रोज असते.

याची दुसरी बाजूही लिहिते. त्याच काळात तो घरी आला की बहिणीशी हुकमी आवाजात बोलायचा. “पाणी आण.” “दप्तर जाग्यावर ठेव.” ती एकदा म्हणाली, “दादा, मी तुझी ज्युनियर नाही.” मीही त्याला बसवून सांगितलं की हुकूम देणं तिथं लवकर शिकता येतं, विनंती करणं घरी शिकावं लागतं. अशा शाळेतल्या मुलांच्या आयांना माझं सांगणं आहे, सुट्टीत नुसते लाडू करून घालू नका, घरची कामं द्या, लहानांचं ऐकून घ्यायला लावा. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी त्याच्या बाबांनी मजुरांच्या हजेरीची वही त्याच्याकडे दिली होती. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, एका बाईंचा अर्धा दिवस चुकून कापला गेलाय. बाबांनी तो लगेच भरून दिला.

बारावीत १ सप्टेंबर २०२४ ला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, लेखी परीक्षा दिली. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० ची, प्रत्येकी अडीच तास, आणि इथं चुकीच्या उत्तराला गुण कापतात. लेखी उत्तीर्ण झाला आणि भोपाळला एसएसबीचं, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं आलं. पाच दिवसांची ही मुलाखत. पहिल्याच दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्रावरून कथा. त्यात निम्म्याहून जास्त मुलं परत पाठवतात, म्हणून परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा. पुढं मानसशास्त्रीय चाचण्या: १२ चित्रांवर कथा, त्यातलं एक कोरं, ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद, ६० प्रसंग अर्ध्या तासात. मग मैदानावर दोर, फळ्या, पिंपं घेऊन गटानं अडथळे पार करायचे. शेवटी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर एकेकाला बोलावतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेभाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवा. मूळ कागद आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

तो शेवटच्या दिवसापर्यंत टिकला, पण निवड झाली नाही. एनडीएच्या एका तुकडीला देशभरातून साधारण चारशे जागा असतात, हे सैनिक शाळेत मुलगा घालतानाच मनाशी धरून ठेवायला हवं. प्रवेश मिळाला म्हणजे अधिकारी झाला असं गावात सगळे धरून चालतात आणि नंतर त्याचं ओझं पोरावर येतं. आम्ही पाहुण्यांना पहिल्या वर्षापासून सांगत होतो, तो शिकायला गेलाय. तरी तो परतला तेव्हा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, गटातल्या कामात मी दुसऱ्यांच्या कल्पना नीट ऐकल्या, पण माझी एकही ठामपणे मांडली नाही. ते खरं होतं की नाही मला ठाऊक नाही. पण त्यानं कुणाला दोष दिला नाही, एवढं मी बघितलं.

शाळा सुटताना तिथली कामं एकाच फेरीत उरकून घ्या: शाळा सोडल्याचा दाखला, चारित्र्य प्रमाणपत्र, एनसीसीचं मूळ प्रमाणपत्र, अनामत रकमेच्या परताव्याचा अर्ज आणि त्यासाठी रद्द केलेला चेक. ग्रंथालय, स्टोअर, मेस या सगळ्यांच्या ना-हरकत सह्या लागतात आणि प्रत्येक खिडकी वेगळ्या वेळी उघडी असते, म्हणून सकाळीच पोचा. मुलगा आता पुण्यात पदवीला आहे आणि कॉलेजच्या एनसीसीत नाव घातलंय. पदवीला ५० टक्के आणि ‘सी’ प्रमाणपत्राला किमान ‘बी’ श्रेणी असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणारी वेगळी भरती असते. एनसीसीची नोंदणी कॉलेज सुरू होताच पहिल्या आठवड्यांतच होते आणि जागा मर्यादित असतात, तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच एनसीसीच्या खोलीत जाऊन तारीख विचारून या.